गेल्या वर्षीपासून काय बदललं?

मोठ्या व्यवस्थापन संस्थेच्या मुलाखतीला जो उमेदवार मागच्या वर्षी येऊन नापसंत झाला आणि यंदा पुन्हा आला, त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : गेल्या वर्षीपासून तुमच्यात काय बदललं? प्रश्न सौम्य आवाजात येतो, आणि विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच कुतूहल असतं. याचं सर्वात अचूक उत्तर 'वय' असं आहे. पण ते दिल्यास तिसऱ्या वर्षीही यावं लागेल, हे उमेदवाराला कळत असतं. म्हणून तो खाकरतो आणि सांगू लागतो की या वर्षात त्याला स्वतःची नव्याने ओळख झाली, चार जणांची टीम सांभाळताना नेतृत्व म्हणजे काय ते उमगलं, आणि मागचा नकार ही त्याच्या आयुष्यातली सर्वात मोठी शिकवण ठरली. समोरचे तिघे माना डोलावतात. मला या प्रश्नात गैर काही वाटत नाही, फक्त तो चुकीच्या पत्त्यावर जातो असं वाटतं. नकार आणि प्रवेश यांच्या मधल्या बारा महिन्यांत उमेदवार फारसा बदललेला नसतो, त्याला बदलायला फारशी जागाच ठेवलेली नसते. बदललेली असते ती परीक्षा, गुणांचं सूत्र, त्या वर्षीची गर्दी आणि मुलाखतीच्या खोलीतली माणसं. म्हणजे खुलासा करायचाच असेल तर तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूने करायला हवा.

आधी हा पुन्हा पुन्हा परीक्षा देणारा रिपीटर कोण ते बघू. केंद्रीय लोकसेवा आयोग खुल्या गटातल्या उमेदवाराला सहा संधी देतो आणि मग सांगतो की बाबा, आता पुरे. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. पण आयआयएमच्या कॅट या प्रवेशपरीक्षेला अशी कुठलीही मर्यादा नाही. प्रयत्नांची नाही, वयाचीही नाही. पदवीला पन्नास टक्के असले (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना पंचेचाळीस) आणि अडीच हजारांच्या आसपासचं शुल्क भरलं, की नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी कुणीही जाऊन बसावं. अमर्याद संधी देणारी ही उदारता दिसायला छान आहे. परंतु 'आता थांब' हे सांगण्याची जबाबदारी तिने गुपचूप उमेदवारावर, किंवा खरं म्हणजे त्याच्या आईवर, ढकलून दिलेली आहे. पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धापरीक्षा देणाऱ्याचं निदान सगळं उघड असतं. त्याची अभ्यासिका, त्याची मेस, त्याचे किती झाले आणि किती उरले, हे चहावाल्यालाही ठाऊक असतं. कॅटचा रिपीटर मात्र हिंजवडीत एखाद्या कंपनीत दिवसभर कोड लिहितो, साहेबाला पत्ता लागू देत नाही, आणि रात्री अकरानंतर हेडफोन लावून टक्केवारी आणि नफातोट्याची गणितं सोडवतो. सोसायटीतल्या काकू मात्र दर जानेवारीत विचारतात, 'काय रे, झालं का तुझं ते कॅट?' त्यावर 'हो, झालं' हे उत्तर दरवर्षी खरंच असतं.

आता त्याच्या हातात काय आहे, ते मोजू. कॅटचे गुण चांगले आले की काम झालं, असा बाहेरच्या लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात मुलाखतीचं बोलावणं, ज्याला या जमातीत नुसतं 'कॉल' म्हणतात, एका सूत्रावरून येतं. त्या सूत्रात दहावीचे गुण असतात, बारावीचे असतात, कुठे पदवीचे असतात, कामाचा अनुभव असतो, आणि मग कॅट असते. यातली दहावी होऊन दहा वर्षं झालेली असतात. तिच्यात आता काही करता येत नाही. माणूस ध्यानधारणा करू शकतो, इंग्रजी सुधारू शकतो, पहाटे उठू शकतो. पंधराव्या वर्षी भूमितीत गेलेले सहा गुण तो परत आणू शकत नाही. महाराष्ट्रातल्या मुलांची तर आणखी एक गंमत आहे. आपल्या राज्य मंडळाने २०१० पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आणलं, म्हणजे ज्या विषयाने घात केला तो टक्केवारीतून गळू लागला. घरोघरी पेढे वाटले गेले ते या गाळलेल्या टक्केवारीवर. आयआयएम अहमदाबादच्या प्रवेशनियमात मात्र स्पष्ट म्हटलेलं असतं की गुणपत्रिकेवर दिसणारे सगळे विषय धरले जातील, तुमचं मंडळ ते धरो अगर न धरो. म्हणजे जी भाषा किंवा जो विषय आपण आयुष्यातून कायमचा हद्दपार केला, तो बरोबर दहा वर्षांनी वस्त्रापूरच्या त्या प्रसिद्ध लाल विटांच्या दारात उभा राहून म्हणतो, ओळखलंत का? बंगळूरची रीत अधिक सूक्ष्म. तिथे तुमच्या मंडळातल्या नव्वदाव्या पर्सेंटाइलच्या गुणांनी तुमच्या गुणांना भागतात, जेणेकरून सढळ हाताने गुण देणारी मंडळं आणि कंजूष मंडळं एका पातळीवर यावीत. न्याय्य आहे, मला मान्य. पण याचा अर्थ असा की तुमचं भवितव्य तुमच्या दहावीवरच नव्हे, तर तुमच्याच मंडळातल्या, तुम्ही कधी न पाहिलेल्या इतर मुलांच्या दहावीवरही टांगलेलं आहे. उरतो कामाचा अनुभव. तो दर महिन्याला आपोआप वाढतो, त्यासाठी पराक्रम लागत नाही. आणि एका मर्यादेनंतर त्याचेही गुण वाढायचे थांबतात. थोडक्यात, ज्याला 'काय बदललं' असं विचारायचं आहे त्याचं बरंचसं सूत्र आपण आधीच सिमेंटमध्ये ओतून ठेवलेलं आहे.

उरलेला भाग म्हणजे खुद्द परीक्षा, आणि ती मात्र बदलते, अगदी सढळपणे. २००३ सालच्या नोव्हेंबरात झालेली कॅट पेपर फुटल्यामुळे रद्द झाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये पुन्हा घेतली गेली. त्या वर्षी देशातला एकूण एक उमेदवार रिपीटर झाला, आणि गेल्या वेळेपासून काय बदललं असं विचारायची सोय कुणालाच उरली नाही. मग २००९ मध्ये कागद-पेन्सिल जाऊन संगणक आले. दहा दिवस चाललेल्या त्या परीक्षेत काही केंद्रांवरच्या संगणकांत व्हायरस शिरला, आणि जानेवारीत काही जणांची परीक्षा परत झाली. २०१५ मध्ये तीन विभाग, प्रत्येकाला एक तास, शंभर प्रश्न आणि पडद्यावर कॅल्क्युलेटर असा नवा संसार मांडला. पाठांतर केलेल्या वर्गमुळांचं ज्यांना वर्षानुवर्षांचं भांडवल होतं, ते एका सूचनापत्रकाने दिवाळखोर झाले. २०२० मध्ये करोनामुळे तीन तासांचे दोन तास झाले आणि प्रश्न ७६ वर आले. पुढच्याच वर्षी ते ६६ झाले. करोना गेला, तीन तास काही परत आले नाहीत. आता समजा एखादा मुलगा सावकाश विचार करणारा आहे. तासभर दिला तर अवघड गणित हमखास सोडवतो, चाळीस मिनिटांत मात्र गडबडतो. हा २०१९ मध्ये हुशार होता आणि २०२० मध्ये नाही, असं कागदोपत्री सिद्ध करता येतं. त्याला 'वर्षभरात तुमची कामगिरी का घसरली' असं विचारणं म्हणजे घड्याळाचा दोष मनगटाला देणं होय.

यावर कुणी म्हणेल की पर्सेंटाइल सापेक्ष असतं, पेपर सगळ्यांनाच सारखा बदलतो. बरोबर. पण मग हे सापेक्ष प्रकरण वरच्या टोकाला कसं वागतं तेही पाहायला हवं. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार जण प्रत्यक्ष परीक्षेला बसले. त्यात ९९ पर्सेंटाइल मिळवलेल्या मुलाच्या पुढे सुमारे २,९०० माणसं उभी असतात. हा मुलगा गावी गेला तर त्याचा सत्कार होईल, फ्लेक्सही लागेल. पण अहमदाबाद, बंगळूर आणि कोलकाता या तीन जुन्या संस्थांच्या मिळून असलेल्या दीड हजाराच्या आसपास जागा त्याला लांबूनच पाहाव्या लागतील, विशेषतः तो मुलगा असेल, इंजिनिअर असेल आणि खुल्या गटातला असेल तर. या जमातीचा एक स्वतंत्र वर्गच मानला जातो आणि त्यांची संख्या एवढी आहे की त्यांच्यातल्या त्यांच्यातच एक स्पर्धापरीक्षा घेता यावी. शिवाय काही संस्था आपल्या पत्रकात ८५ पर्सेंटाइल अशी किमान अट छापतात. ती वाचून ८६ वाला आनंदतो. ती अट खोटी नसते, ती फक्त आत येण्याशी संबंधित नसते. त्या टोकाला एका बरोबर किंवा चुकलेल्या प्रश्नाने शेकडो माणसं मागेपुढे होतात. परीक्षा दिवसातून तीन सत्रांत होते, तिन्ही पेपर वेगळे, मग गणिती पद्धतीने ते एका तराजूत आणले जातात. त्या दिवशी सकाळच्या सत्राचा पेपर आला की संध्याकाळचा, दोन पर्यायांत डोळे मिटून कुठला निवडला, शेजारचा माणूस सतत खोकत होता की नाही, एवढ्यावर शेकडो जागांची उलथापालथ होत असेल, तर तिथे 'वैयक्तिक विकास' शोधणं ही श्रद्धेची बाब आहे.

सर्वात बोलका पुरावा कोझिकोडचा आहे. तिथल्या आयआयएममध्ये २०१३ साली आलेल्या तुकडीत मुलींचं प्रमाण निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के झालं. आयआयएमच्या वर्गात पूर्वी मुली किती दिसायच्या हे ज्यांना आठवतं त्यांना हा आकडा भूकंपासारखा वाटला. देशभरातल्या मुली २०१२ च्या दिवाळीत अचानक हुशार झाल्या, असं तर कुणी म्हणणार नाही. झालं ते एवढंच की प्रवेशाच्या निकषांचं वजन बदललं. मला विचाराल तर बरंच झालं. साठच्या साठ इंजिनिअर मुलगे एका वर्गात बसून ग्राहकांच्या आवडीनिवडींवर चर्चा करतात, यात व्यवस्थापनापेक्षा वसतिगृहच जास्त होतं. पण आपल्या मुद्द्यापुरतं पाहा. एखादी वाणिज्य शाखेची मुलगी आधीच्या वर्षी नाकारली गेली आणि नंतरच्या वर्षी तशाच गुणांवर घेतली गेली, तर वाढ कुणाची झाली? संस्थेची झाली. तरी मुलाखतीत खुलासा तिलाच करावा लागणार. आणि तिच्या जागेसाठी बाहेर राहिलेला मुलगा घरी जाऊन स्वतःच्या व्यक्तिमत्त्वातले दोष शोधत बसणार, किंवा त्याहून वाईट, चहाच्या टपरीवर तिच्यातले. दोघांनाही एका ओळीचं पत्र पुरलं असतं : आम्ही आमचं मत बदललं आहे, कळावे.

इथे सर्वात जोरदार आक्षेप येतो, आणि तो क्लासवाल्यांचा नव्हे, प्रामाणिक रिपीटरांचाच असतो. ते म्हणतात, आम्ही खरोखर सुधारलो. पहिल्या वर्षी ८४ आले होते, वर्षभर दर रविवारी मॉक दिल्या, चुकांची वही ठेवली, दुसऱ्या वर्षी ९७ आले. यात तथ्य आहे. ८४ आणि ९७ मधलं अंतर नशिबाचं नसतं. तिथे घाम असतो. कॅट शिकवणारे कित्येक शिक्षक दरवर्षी स्वतः परीक्षेला बसतात आणि दरवर्षी उत्तम गुण मिळवतात. परीक्षा हे कौशल्य आहे आणि ते सरावाने येतं, याचा याहून मोठा पुरावा नको. (ही माणसं सगळीकडून आत जाऊ शकतात आणि कुठेच जात नाहीत, यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.) पण लक्षात घ्या, जिथे सुधारणा खरी असते तिथे ती गुणपत्रकावर छापलेली असते, तिच्यासाठी कथा रचावी लागत नाही. ९७ वाल्याला कुणी विचारत नाही की तुझ्या अंतरंगात काय घडलं. कथा लागते ती ज्याचे गेल्या वर्षी ९९.१ होते आणि यंदा ९९.४ आहेत त्याला. म्हणजे जिथे बदल आहे तिथे प्रश्न अनावश्यक आहे, आणि जिथे प्रश्न विचारला जातो तिथे बदल जवळपास नसतो. त्या पोकळीत मग साहित्य निर्माण होतं.

या साहित्यप्रकाराची पंढरी अमेरिकेत आहे. तिथल्या बिझनेस स्कूलांत परीक्षेला दुय्यम मान आणि निबंधाला अग्रपूजेचा. फिलाडेल्फियाच्या व्हार्टनने तर पुन्हा अर्ज करणाऱ्यांसाठी वेगळा निबंधच ठेवला आहे : मागच्या अर्जानंतर तुम्ही काय आत्मपरीक्षण केलंत, तुमची वाढ कशी झाली, नोकरीत, अभ्यासात, समाजसेवेत काय नवं घडलं, ते २५० शब्दांत सांगा. अडीचशे शब्दांत आपल्याकडे आभारप्रदर्शनही संपत नाही. तरी पुण्या-मुंबईची मुलं, आणि आता न्यू जर्सीत नोकरी करणारी मराठी मुलंही, त्यात आत्मशोध, प्रमोशन, एक ऑनलाइन सांख्यिकीचा अभ्यासक्रम आणि अनाथाश्रमातले शनिवार एवढं सगळं बसवतात. ते शनिवार खरे असतात, यात शंका नाही. फक्त नकाराचं पत्र डिसेंबरात आलं तर ते जानेवारीपासून सुरू होतात. भारतातल्या समाजसेवेचा किती टक्के भाग फिलाडेल्फिया आणि बॉस्टनहून आलेल्या नकारांवर चालतो, याचा कुणी अभ्यास केला तर उपयुक्त ठरेल. शिफारसपत्राचं दुखणं त्याहून नाजूक. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वेळी निदान एक शिफारसपत्र नवं लागतं. पहिल्या वर्षी साहेबाकडे जाऊन 'सर, मी जातोय, चांगलं लिहा' असं सांगितलेलं असतं. साहेबाने चांगलं लिहिलं, माणूस काही गेला नाही. वर्षभर दोघं एकाच लिफ्टने वरखाली करतात आणि हवामानाविषयी बोलतात. आता त्याच साहेबाच्या वरच्या साहेबाकडे जाऊन म्हणायचं की मी पुन्हा जातोय. एखाद्या स्थळाने नकार कळवल्यावर वर्षभराने त्याच घरी, त्याच सोफ्यावर, पुन्हा पोहे खायला जावं आणि यजमानांनी कौतुकाने विचारावं की मधल्या काळात तुमच्यात काय फरक पडला, असा हा एकूण सोहळा असतो. फक्त पोह्यांचे अडीचशे डॉलर आपण आधी भरलेले असतात.

अशा वेळी नाकारलेल्यांच्या सांत्वनासाठी वॉरन बफेंना बोलावण्याची पद्धत आहे. बफेंना १९५० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने नाकारलं, ही गोष्ट प्रत्येक क्लासच्या प्रेरणादायी व्याख्यानात असते, आणि तिचं तात्पर्य असं काढतात की म्हणून हरू नका, परत अर्ज करा. पण बफेंनी परत अर्ज केलाच नाही! ते कोलंबियाला गेले, कारण ज्यांचं गुंतवणुकीवरचं पुस्तक वाचून ते भारावले होते ते बेंजामिन ग्रॅहम तिथे शिकवत होते, आणि वर्षभरात पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले. म्हणजे ही गोष्ट मुळात चिकाटीची नाही, दुसरं दुकान गाठण्याची आहे. रिपीटरने बफेंचं उदाहरण द्यावं हे थोडं विसंगत आहे. जो मुलगा मुंबईचं जमनालाल बजाज पत्करून मोकळा झाला त्याने ते द्यावं. आणि हार्वर्डच्या नकारापासून कोलंबियाच्या प्रवेशापर्यंत बफे किती 'बदलले' होते? काही महिन्यांत त्याच माणसाला एका संस्थेने नापसंत केलं आणि दुसरीने घेतलं. त्यांच्यातला फरक मोजायला कुणी गेलं तर त्याला फक्त संस्थेच्या दारावरची पाटी बदललेली सापडेल.

मग अर्थशास्त्राच्या बाजूने दुसरा आक्षेप येतो आणि तो रिपीटरला चांगलाच झोंबतो. याच संस्थांत पहिल्याच सत्रात शिकवतात की बुडालेल्या खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये. जे गेलं ते गेलं. इथून पुढे काय मिळेल आणि काय लागेल एवढंच बघा. मग जो मुलगा 'तीन वर्षं दिली आहेत, आता कसं सोडू' म्हणून चौथ्यांदा बसतो, त्याने प्रवेशापूर्वीच पहिल्या सत्रात नापास व्हायची तयारी केली, असं म्हणायला हवं. यात एक मौज अशी की संस्था स्वतः मात्र त्याची ही चिकाटी पाहून खूश होतात, म्हणजे जो आजार बरा करायचा त्याच आजाराच्या लक्षणांना गुण देतात. तरीही मी रिपीटरची बाजू घेईन, आणि घेईन ती याच अर्थशास्त्रावर. तीन वर्षं गेली म्हणून बसणं हा वेडेपणा खराच. पण चौथ्या वर्षाचा हिशोब वेगळा मांडला तर तो तितका वाईट दिसत नाही. शुल्क अडीच हजार, काही रविवार, थोडी झोप, नोकरी चालूच. समोर दोन वर्षांच्या शिक्षणाचा पंचवीस लाखांच्या आसपासचा खर्च आहे खरा, पण तो प्रवेश मिळाला तरच. आणि निकालात योगायोगाचा वाटा जेवढा मोठा, तेवढा पुन्हा फासा टाकण्यात शहाणपणा जास्त. निवड जर निखळ गुणवत्तेची असती, तर एका नकारानंतर परत जाणं मूर्खपणाचं ठरलं असतं. एकदा मोजलेली उंची दुसऱ्या दिवशी मोजून काय वाढणार! ज्याला आपण चिकाटी म्हणून गौरवतो ती प्रत्यक्षात संभाव्यतेची चांगली समज असते, आणि तीही कॅटच्या अभ्यासक्रमात आहेच. सोडायचं केव्हा, याचंही उत्तर मग सोपं होतं : रविवारांची किंमत वाढली की. लग्न, मूल, बढती, आईवडलांचं आजारपण यांतलं काहीतरी येतं आणि नोव्हेंबरचा शेवटचा रविवार महाग होतो. त्याला हरणं म्हणण्याचं कारण नाही.

संस्थांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच लंगडी नाही. पाच हजार लायक अर्जदार आणि चारशे जागा असतील तर काहीतरी चाळणी लावावीच लागते, आणि कुठलीही चाळणी शेवटच्या टप्प्यात थोडी आंधळी असतेच. 'तुम्ही सगळे सारखेच आहात, आम्ही चिठ्ठ्या टाकल्या' असं खरं सांगितलं तर पंचवीस लाख कोण भरेल, आणि कंपन्या कॅम्पसवर कशाला येतील? प्रतिष्ठा टिकवायची तर निवडीला अर्थ असल्याचं दिसलं पाहिजे. आणि नाकारलेला माणूस परत आला तर त्याच्या येण्यालाही अर्थ असल्याचं दिसलं पाहिजे, नाहीतर पहिला नकार चुकला असं कबूल केल्यासारखं होईल. 'तो आता वाढला आहे' या वाक्याने दोन्ही वर्षांचे दोन्ही निर्णय बरोबर ठरतात. एवढं काम करणारं वाक्य मिळाल्यावर कुठली संस्था ते सोडेल? आणि उमेदवारालाही ते हवंच असतं. आपण तेच होतो, फक्त यंदा खोलीत दुसरे प्राध्यापक होते, ही माहिती घेऊन माणूस लिंक्डइनवर काय लिहिणार? त्याला 'प्रवास' हवा असतो. म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंनी मिळून हा प्रवास रचला जातो, आणि माझ्या मते व्यवस्थापनाचं खरं प्रशिक्षण इथेच सुरू होतं. कारण पुढे तीस वर्षं, कुठल्याही कंपनीत, बाजार वर गेल्यामुळे वाढलेल्या विक्रीचं श्रेय आपल्या धोरणाला देणं आणि बाजार खाली गेल्यामुळे पडलेल्या विक्रीचं खापर बाजारावर फोडणं, हेच त्याला वार्षिक अहवालात करायचं असतं. जो रिपीटर हे पंचविशीतच सहज करू लागतो, तो आतल्या अभ्यासक्रमाच्या पुढे दोन सत्रं असतो.

आणि ज्यांना शेवटपर्यंत प्रवेश मिळतच नाही त्यांनीही फार वाईट वाटून घेऊ नये, कारण संस्थांनी वयोमानानुसार दारं केलेली आहेत. पंचविशी उलटली आणि काही वर्षांची नोकरी गाठीशी आली की अहमदाबादचाच एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, २००६ पासून चालू. तिथे कॅट लागत नाही, जीमॅट किंवा जीआरई चालते, आणि शुल्क तीस लाखांच्या वर आहे. तेही दार हुकलं तर आणखी पुढे, पन्नाशीकडे झुकताना, वरिष्ठ अधिकाऱ्यांचे छोटे कार्यक्रम असतात. रतन टाटा १९७५ मध्ये हार्वर्डला गेले ते अशाच एका, वरिष्ठांसाठीच्या व्यवस्थापन कार्यक्रमाला. आपल्याकडच्या आयआयएममध्येही पाच-पाच दिवसांचे असे वर्ग वर्षभर चालू असतात. कंपनी पैसे भरते, विमानाचं तिकीट काढते, गळ्यात नावाचा बिल्ला येतो आणि शेवटच्या दिवशी संस्थेच्या पाटीखाली प्रमाणपत्रासह फोटो निघतो. प्राध्यापक बहुधा तेच असतात, वर्गही तेच, उदाहरणंही तीच. या कार्यक्रमाच्या अर्जात दहावीचे गुण विचारत नाहीत. कॅट विचारत नाहीत, मागच्या वेळेपासून काय बदललं हेही विचारत नाहीत. जेवण शाकाहारी की मांसाहारी, एवढाच एक रकाना असतो.